ठिपक्यांची किमया

वसुबारसेची सकाळ होती. अंगणातला सडा नुकताच वाळला होता. उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडलेला एक जुना जाड कागद आजीने जमिनीवर अंथरला, रांगोळीने भरलेला हात त्यावरून फिरवला आणि कागद अलगद उचलून घेतला. गेरूने रंगवलेल्या जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी उमटल्या. त्या ठिपक्यांत अजून चित्र असे काहीच नव्हते. पण आजीची बोटे फिरू लागली, एक ठिपका दुसऱ्याला जोडला गेला आणि पाहता पाहता तेथे आठ पाकळ्यांचे कमळ उमलले.

पायरीवर बसलेल्या तिच्या बारा वर्षांच्या नातवाचे लक्ष मात्र कमळाकडे नव्हते. घरातला जुना दूरचित्रवाणी संच बंद पडला होता आणि धनत्रयोदशीला नवा घ्यायचे ठरले होते. दुकानात सारख्याच आकाराचे दोन संच पाहून ठेवले होते. एकाच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके होते, तर दुसऱ्याच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख. दुसऱ्याची किंमत अर्थातच अधिक होती, म्हणून वडिलांनी पहिला पसंत केला होता. परंतु मुलाच्या मित्राकडे दुसरा होता. त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला म्हणजे रस्त्यावरचे खडेसुद्धा मोजता येतात, असे तो मित्र वर्गात सर्वांना सांगत असे. तेव्हापासून मुलाच्या मनात एक विचार घर करून बसला होता: ठिपके कमी, म्हणजे आपले घरच कमी.

“आजी, आपल्या टीव्हीला ठिपके कमी असणार,” तो हिरमुसून म्हणाला.

“कमी म्हणजे किती रे?”

“एकवीस लाख.”

आजीचा हात क्षणभर थांबला. “एकवीस लाख आणि तरी कमी? माझ्या कमळाला एकशे एकवीस पुरले!” मग ती हसून म्हणाली, “ठिपके वाढवले म्हणजे रांगोळी सुधारते, असं तुला कुणी सांगितलं?”

मुलापाशी उत्तर नव्हते. प्रश्न साधा होता, तथापि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे मनुष्याला बरेच दूर जावे लागते.

पडद्यावरचे चित्र पाहणाऱ्याला ते सलग भासते. परंतु पावसात बाहेर पडलेल्या माणसाच्या मोबाइलवर पाण्याचा एखादा बारीकसा थेंब पडतो आणि त्या सलगपणाचे गुपित क्षणात उघडे पडते. थेंब भिंगाचे काम करतो. त्याच्या आत तांबडे, हिरवे आणि निळे असे इवले इवले कण झगमगताना दिसतात. या तीन कणांचा मिळून एक ठिपका होतो आणि त्यालाच पिक्सेल म्हणतात. तिन्ही कण पूर्ण उजळले की ठिपका पांढरा दिसतो, तिन्ही विझले की काळा. तांबडा व हिरवा तेवढे उजळले की पिवळा. या तिघांचा उजेड कमीअधिक करून हवा तो रंग साधता येतो. पडद्यावर अशा ठिपक्यांच्या किती ओळी आहेत आणि एकेका ओळीत किती ठिपके आहेत, यावरून पडद्याचे रेझोल्यूशन सांगतात. १,९२० ठिपक्यांची एक ओळ आणि अशा १,०८० ओळी असल्या की गुणाकार २० लाख ७३ हजार ६०० होतो. दोन्ही संख्या दुप्पट केल्या की ठिपके चौपट होतात, म्हणजे सुमारे ८३ लाख. दुकानदार ज्याला ‘फोर के’ म्हणतो, तो पडदा हाच होय.

ठिपक्यांची ही विद्या फार जुनी नाही. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श नावाचा एक संशोधक काम करीत असे. संगणक तेव्हा केवळ आकडेमोडीचे यंत्र समजला जाई. या यंत्राला डोळे दिले तर काय होईल, असा विचार किर्शच्या मनात आला. त्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे एक छायाचित्र घेतले. ते पाच सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद होते. फिरत्या नळकांड्यावर चढवून त्याने त्याचे १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ असे चौकोनी तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा उजळ आहे की काळोखा, एवढेच यंत्राने टिपून ठेवले. अवघ्या ३०,९७६ ठिपक्यांतून एका तान्ह्या बाळाचा चेहरा पडद्यावर उमटला. चित्र धूसर होते, परंतु ते बाळच होते, यात शंका घेण्यास जागा नव्हती. आज घरोघरी निघणाऱ्या सर्व छायाचित्रांचे कूळ त्या बाळाच्या चित्रापर्यंत जाऊन पोहोचते.

पुढे हे ठिपके खेळात शिरले. त्या काळी यंत्रांची स्मरणशक्ती तुटपुंजी असल्यामुळे ठिपके मोजूनमापून खर्चावे लागत. काटकसरी गृहिणी जसा चिमूटभर मसाल्यात भाजीला चव आणते, तसे खेळांचे निर्माते चिमूटभर ठिपक्यांत माणूस उभा करू लागले. १९८१ साली जपानमधील शिगेरू मियामोतो या तरुणाला आपल्या खेळासाठी एक नायक हवा होता. त्याच्या वाट्याला साधारण सोळा ठिपके उंचीचा चौकोन आला. एवढ्याशा जागेत केस हलताना कसे दाखवावे? मियामोतोने त्याला टोपी घातली. तोंड कसे रेखाटावे? त्याने मोठ्या नाकाखाली मिशी काढली आणि तोंडाचा प्रश्नच मिटवला. चालताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून त्याला खांद्यावर पट्टे असलेला कारागिराचा पोशाख दिला. असा हा टोपीवाला, मिशीवाला कारागीर पुढे ‘मारिओ’ या नावाने साऱ्या जगातील मुलांचा सवंगडी झाला. त्याचे रूप घडले ते ठिपक्यांच्या टंचाईतून. १९८५ साली निघालेल्या त्याच्या प्रसिद्ध खेळात आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकाच आकृतीची दोन रूपे आहेत. पांढरा रंग दिला की ती ढग होते, हिरवा दिला की झुडूप. लाखो मुलांनी तो खेळ खेळला, परंतु बहुतेकांच्या ते ध्यानातही आले नाही.

यंत्राची दुबळीक कधी कधी वरदानही ठरे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो याने आकाशातून उतरणाऱ्या परग्रहवासी शत्रूंचा एक खेळ रचला. शत्रूंची सबंध फौज एकाच वेळी पडद्यावर रेखाटताना त्याचे यंत्र दमून जाई, म्हणून शत्रू संथपणे सरकत. खेळणाऱ्याने एकेक शत्रू टिपला की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने धावू लागत. निशिकादोने हा दोष झाकला नाही. शेवटचा शत्रू सर्वांत चपळ, हेच त्याने खेळाचे मर्म केले आणि खेळणाऱ्यांचा श्वास रोखून धरला.

मॉस्कोतील एका संशोधकाची गोष्ट याहूनही नवलाची आहे. १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव ज्या संगणकावर काम करीत होता, त्याला चित्र काढताच येत नसे. त्याच्या पडद्यावर केवळ अक्षरे आणि चिन्हे उमटत. पाजित्नोवला तर वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ करायचा होता. त्याने गणितातले दोन कंस शेजारी शेजारी मांडले आणि त्या जोडीलाच चौकोन मानले. अशा कंसांच्या ठोकळ्यांतून ‘टेट्रिस’ हा खेळ जन्मास आला. चित्र काढता न येणाऱ्या यंत्रावर जन्मलेला हा खेळ पुढे जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पडद्यावर जाऊन पोहोचला.

पण अधिकाची हाव आणि पुरेशाची जाण यांतला भेद ज्याने कृतीने दाखवून दिला, तो मनुष्य म्हणजे गुनपेई योकोई. १९४१ साली जपानच्या क्योतो शहरात त्याचा जन्म झाला. १९६५ साली तो त्याच शहरातील निन्तेन्दो या कंपनीत नोकरीस लागला. १८८९ साली स्थापन झालेली ही कंपनी तेव्हा मुख्यतः खेळण्याचे पत्ते तयार करीत असे, आणि पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे एवढेच योकोईचे काम होते. फावल्या वेळात तो खेळणी घडवत बसे. मालकांनी ती पाहिली आणि यंत्रांची निगा राखणारा हा मनुष्य खेळण्यांचा निर्माता झाला.

योकोईची एक ठाम धारणा होती. सर्वांत नव्या आणि महाग तंत्राच्या मागे धावू नये. जे तंत्र जुने झाले आहे, ज्याचे गुणदोष पुरते कळले आहेत आणि जे स्वस्तात मिळते, ते घ्यावे आणि त्याचा आजवर कोणाच्या ध्यानी न आलेला उपयोग शोधावा. या धारणेतून १९८९ साली ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे खेळयंत्र तयार झाले. त्याच्या पडद्यावर १६० गुणिले १४४, म्हणजे अवघे २३,०४० ठिपके होते. रंग नव्हताच, हिरवट छटांच्या चार पायऱ्या तेवढ्या होत्या. पडद्यामागे दिवा नसल्यामुळे अंधारात तो दिसतही नसे. त्याच सुमारास रंगीत, उजळ पडद्यांची प्रतिस्पर्धी यंत्रे बाजारात आली. दुकानात शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदी दीनवाणा दिसे. परंतु रंगीत यंत्रांना सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. तो स्वस्त होता, दणकट होता आणि लांबच्या प्रवासात अर्ध्यावर साथ सोडत नसे. मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी गेम बॉय उचलला. त्याच्या पुढच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव या रशियन अंतराळवीराने एक गेम बॉय आणि टेट्रिसचा खेळ ‘मीर’ या अंतराळस्थानकावर नेला, आणि पाजित्नोवचे ठोकळे पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालू लागले.

मात्र एवढ्यावरून थोडके ते सारे चांगले, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९९५ साली याच योकोईने ‘व्हर्च्युअल बॉय’ नावाचे एक यंत्र काढले. डोळ्यांना लावून पाहायच्या त्या यंत्रात चित्राला खोली होती, परंतु रंग केवळ तांबडा होता. ते वापरताना डोळे शिणतात अशी लोकांची तक्रार झाली आणि वर्षभराच्या आतच ते बंद करावे लागले. कमीपणा हा आपल्या जागी गुण नव्हे, तसा तो दोषही नव्हे. कोणत्या कामाला किती पुरेसे आहे, हे ओळखण्यातच खरी पारख असते.

काही कामांना ठिपके खरोखरच अधिक लागतात. हाडाला गेलेली केसाएवढी चीर पाहणाऱ्या डॉक्टरला क्ष-किरणांचे चित्र बारीक ठिपक्यांचेच हवे. फार दूर कशाला, मराठी लिपीचेच उदाहरण घ्यावे. ज्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला आठ-दहाच ठिपके उंची येते, तेथे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ ही अक्षरे एकमेकांची सोंगे घेऊ लागतात. एक बारीकशी गाठ पुसली गेली की ‘भात’ची ‘मात’ होते. मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांचे हाल तर विचारूच नयेत. आजच्या बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर ‘राष्ट्र’ हा शब्द छापील पुस्तकातल्यासारखा स्वच्छ वाचता येतो, हे ठिपक्यांच्या वाढत्या संख्येचेच देणे आहे.

मग दिवाळीच्या त्या घरात कोणता संच पुरेसा होता? हा प्रश्न सोडवला तो मुलाच्या आत्याने. ती शाळेत विज्ञान शिकवत असे आणि सणासाठी माहेरी आली होती. मुलाचा रुसवा पाहून तिने उपदेश केला नाही. एका पांढऱ्या कागदावर तिने दोन बारीक काळ्या रेघा ओढल्या, एकमेकींपासून बरोबर एक मिलिमीटर अंतरावर. कागद भिंतीवर चिकटवून ती म्हणाली, “आता मागे मागे सरकत जा. दोन रेघांची एक झाली की थांब.”

मुलगा सरकू लागला. साडेतीन मीटरांच्या सुमारास दोन्ही रेघा एकरूप झाल्या. आत्याने समजावले की, सर्वसाधारण निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचे अंतर ओळखू शकतो, त्याहून बारीक असेल ते त्याला वेगळे दिसत नाही. मग तिने मुलालाच गणित घालायला लावले. दुकानातले दोन्ही संच ४३ इंची होते, म्हणजे त्यांची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. या रुंदीत १,९२० ठिपके बसवले तर एकेक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर होतो आणि दुप्पट बसवले तर पाव मिलिमीटर. एक मिलिमीटर साडेतीन मीटरांवर दिसेनासा होत असेल, तर अर्धा मिलिमीटर किती अंतरावर दिसेनासा होईल?

“पावणेदोन मीटरांवर,” मुलगा म्हणाला.

“आणि आपण कुठे बसतो?”

मुलाने टेप आणून भिंतीपासून दिवाणापर्यंतचे अंतर मोजले. ते तीन मीटर भरले. तो काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. त्या दिवाणावरून पाहणाऱ्याला दोन्ही संचांचे ठिपके सारखेच अदृश्य होते. ज्या साठ-बासष्ट लाख ठिपक्यांसाठी तो दोन दिवस नीट जेवला नव्हता, ते घरात आले असते तरी त्याच्या डोळ्यांना त्यांची भेट झाली नसती.

“मग तो खडे मोजतो ते खोटं?” त्याने विचारले.

“खोटं कशाला? तो पडद्याला नाक लावून बसत असेल. तिथून दिसतही असतील,” आत्या म्हणाली. “त्याचं त्याला खरं, तुझं तुला.”

धनत्रयोदशीला २१ लाख ठिपक्यांचा संच घरी आला. मुलाने तो स्वतः वडिलांबरोबर जाऊन आणला. त्या रात्री सर्वजण चित्रपट पाहण्यात रमले असता तो मात्र गणिताची चौकटींची वही घेऊन दिव्याखाली बसला. वहीत त्याने सोळा चौकटी रुंद आणि सोळा चौकटी उंच असे एक घर आखले आणि पेन्सिलीने एकेक चौकट भरू लागला. पांढऱ्या केसांचा अंबाडा काढायला चार चौकटी पुरल्या. चष्म्याच्या दोन काचांसाठी दोन चौकटी मोकळ्या सोडल्या. नाक बसेना, तेव्हा त्याला मियामोतोची युक्ती सुचली असे नव्हे, पण त्यानेही तसाच मार्ग काढला. नाक सोडून दिले आणि तेथे नथीचा एक ठिपका दिला. शेवटी कपाळाच्या मधोमध एक चौकट तांबड्या पेन्सिलीने भरली.

वही आजीपुढे गेली. तिने ती दूर धरली, मग जवळ आणली आणि पुन्हा दूर धरली.

“अगं बाई, ही तर मीच!” ती म्हणाली.

चित्रात सारे मिळून २५६ चौकोन होते आणि त्यांतले निम्मे कोरेच होते.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून मुलगा अंगणात आला, तेव्हा आजीने ठिपक्यांचा कागद आपण होऊन त्याच्या हाती दिला. रांगोळीचे भांडे पुढे ओढून तो जमिनीवर बसला आणि त्याने विचारले, “आजी, किती ठिपके काढू?”

आजी पणतीत तेल घालत होती. वर न पाहताच ती म्हणाली, “आधी काय काढायचं ते ठरव. मग तेवढे काढ.”